खात नाही, लावते

चार टेबलं

मी तंबाखू खात नाही. विडी ओढत नाही. दारूला शिवत नाही. ही तीन वाक्यं मी दवाखान्यात चार वेळा सांगितली, चार वेगवेगळ्या टेबलांवर, आणि चारही वेळा खरं सांगितलं. कुणी बिरोबाची आण घालून विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

मला तोंडाचा कॅन्सर झाला. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला. ऑपरेशनला आता दोन वर्षं होत आली. खालच्या जबड्याचा तुकडा गेला, त्याच्याबरोबर दात गेले, गाल आत ओढला गेला. बोलणं असं झालंय की फोनवर माझा सख्खा भाऊ म्हणतो, "ताई, जरा दाजींकडं दे फोन."

आधी मी कशी होते ते सांगते, म्हणजे काय गेलं ते कळंल. मी तोंडाळ बाई. सणसरच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला आमची धनगरांची वस्ती. सासऱ्यांच्या काळापर्यंत मेंढरं होती, दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला लागायची. आता ऊस आहे, मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ट्रॅक्टर आहे, आणि मेंढरं म्हणाल तर दावणीला नावापुरती दोन. मी दहावी पास, म्हणून वस्तीवर आशाताईचं काम मिळालं. गरोदर बायका, बाळांचे डोस, गोळ्या, घरोघरची माहिती. कुणी बाई गोळी खाईना झाली की तिची सासू धाक घालायची, "घे मुकाट्यानं, न्हायतर संगीता यील बोलायला." या तोंडावर माझं काम चालायचं.

तर मिसरी. तंबाखूचं पान तव्यावर काळंकुट्ट होईस्तोवर भाजायचं, हातानं चुरायचं, डबीत भरायचं आणि सकाळी उठून बोटानं दातांवर घासत बसायचं. भाजताना असा ठसका उठतो की कोंबड्यासुद्धा अंगण सोडतात. घासून झाली की चूळ भरायची, चहा घ्यायचा. पोट साफ होतं, दाढ दुखत नाही, डोकं हलकं होतं. दुपारी जेवल्यावर परत एकदा. खुरपायला गेलं की बांधावर एकदा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी पोटुशी होते आणि सकाळी ओकाऱ्यांनी जीव जायचा. तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपल्या डबीतली चिमूट माझ्या बोटावर ठेवली. "लाव. मळमळ थांबंल." थांबली. तेव्हापासून वीस वर्षं आम्ही दोघी उंबऱ्यावर शेजारी शेजारी बसून मिसरी लावली. आदल्या दिवशी कितीही वाजलं असलं तरी त्या वेळेला भांडण नाही. आमच्यात जे काही गोड झालं ते त्या उंबऱ्यावर झालं.

आणि मिसरी लावतात. खात नाहीत. कुंकू लावतात, तेल लावतात, तशी मिसरी लावतात. "तंबाखू खाता का" या प्रश्नाला मी हो का म्हणावं?

धूम्र आणि पान

आता माझी चूक सांगते. ती मला डॉक्टरांपेक्षा जास्त छळते.

आमच्या कागदावर तीस वर्षांच्या वरच्या माणसांना विचारायचे प्रश्न असतात. तंबाखू खाता का, विडी-सिगारेट ओढता का, दारू पिता का. मी घरोघर जायचे. बाई मोरीपाशी बसलेली, तोंडात काळं बोट. मी विचारायचे, "तंबाखू खाता का वो काकू?" ती बाजूला पिचकारी टाकायची आणि म्हणायची, "न्हाय बया, आपल्याला कसलं यसन?" मी लिहायचे, नाही. ती खोटं बोलत नव्हती आणि मीही खोटं लिहीत नव्हते. अशी मी सगळी वस्ती लिहून काढली. गडी माणसांपुढं हो, बायकांपुढं नाही.

माझ्या घराचा कागदही मीच भरला. मालक, हो. आत्या, नाही. मी, नाही. लिहिताना माझ्या तोंडात मिसरी होती. कागदावर लाळ पडू नये म्हणून मान वर करून लिहिलं होतं.

वरून एक चित्रांचा तक्ता आला होता. त्यात पँट-शर्टातला एक गोरा माणूस सिगारेट ओढतोय आणि त्याच्या छातीत काळा धूर भरलाय. मी तो तक्ता देवळापुढं उभा धरून तासभर बोलायचे. बायका मन लावून ऐकायच्या, कारण तो माणूस त्यांच्यातला नव्हता. शाळेच्या भिंतीवर पण मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की धूम्रपान आरोग्यास घातक आहे. आमच्या वस्तीवरचे धोंडीबा आबा दिवसाला बिडीचं अख्खं बंडल संपवायचे. त्यांना मी ते वाचून दाखवलं. आबा भिंतीकडं बघत बसले आणि म्हणाले, "ते धूम्र काय आसंल ते आसंल पोरी, पर पान मातूर मी खात न्हाय."

मी पोट धरून हसले. घरी येऊन आत्यांना सांगितलं, त्याही हसल्या. आबांना एका शब्दानं सोडलं होतं आणि मला दुसऱ्यानं, पण तेव्हा ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मिरची

पहिल्यांदा मिरची झोंबली. एरवी खर्ड्याशिवाय माझं जेवण व्हायचं नाही. एक दिवस कालवणाचा घोट घेतला आणि डावा गाल पेटला. वाटलं, दाढ कुठंतरी घासली असंल. आरशात बघितलं तर आत पांढरट चट्टा. आत्या म्हणाल्या, "उष्णता हाय. मिसरी जरा जास्त लाव तितं, बधिर हुतं." मी लावली. खरंच बधिर व्हायचं. ज्यानं आग लावली त्याच्याच हातानं मी पाणी मारून घेत होते, तेही चार-पाच महिने.

मग भाकरीचा घास जाईना. तोंडात तीन बोटं मावायची ती दोन झाली. मालक म्हणाले, "बोलायची कमी झालीस, बरं वाटंना व्हय?" चेष्टेत म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि मला बारामतीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाई माझ्या पोरीएवढी. तिनं कागद घेतला आणि विचारलं, तंबाखू खाता का. नाही. ओढता का. नाही. मग बॅटरी घेऊन तोंडात बघितलं आणि थांबली.

"मावशी, मग दातांवर हे काळं कशाचं?"

"मिसरीचं."

"मिसरी म्हणजे तंबाखूच ना?"

मला राग आला. म्हणाले, "आवो, ती लावायची आसती."

तिनं पेन खाली ठेवलं.  मी सहा-सात वर्षं आरोग्याचं काम करणारी बाई, ओळखपत्र गळ्यात, आणि त्या खुर्चीत बसून मला माझंच वाक्य ऐकू आलं. तिनं गालातला बारीक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला.

मूठ

रिपोर्ट आणायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं, तेव्हाच मला कळलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. पुण्याला जावं लागेल, उशीर करू नका, असं सांगितलं. मी विचारलं, "बोलता यील का?" त्या म्हणाल्या, "आधी जीव, मग बोलणं." खरं सांगते, तेव्हा मला जिवापेक्षा बोलण्याचीच काळजी वाटली.

बाहेर आलो. लिंबाखाली बाकडं होतं तिथं बसलो. मालकांनी खिशातून पुडी काढली, हातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळायला लागले. रोजची सवय, हाताला कुठं काय माहीत असतं. मळून झाली, थाप मारली, चिमूट उचलली आणि ती ओठापर्यंत गेलेली असताना त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

हात तिथंच राहिला. खावी तर बायको समोर बसलेली. टाकावी तर कुठं टाकावी ते सुचेना. त्यांनी मूठ मिटली. तशीच मिटलेली मूठ घेऊन एका हातानं गाडी चालू केली, तर मी म्हणाले, टाका ती आधी, आपटाल कुठंतरी. तेव्हा गटारीत झटकली. कन्हेरीला माझं माहेर आहे, तिथं थांबून भावाला सांगायचं ठरलं होतं. पण मालक थांबलेच नाहीत. वस्ती येईस्तोवर त्यांचे खांदे हलत होते आणि मी मागं बसून त्यांच्या पाठीकडं बघत होते. 

त्या दिवसापासून त्यांनी खाणं सोडलं. लोक म्हणतात, बघा, बायकोवर किती माया. माया आहेच, पण माझ्याच्यानं ते कौतुक ऐकवत नाही. एका माणसाची तंबाखू सुटायला दुसऱ्याचा जबडा जावा लागतो का?

पाटी

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, गळ्यात नळी आणि छातीवर एक पाटी-पेन्सिल. बोलायचं नाही, लिहायचं. आयुष्यभर बडबड केलेल्या बाईला पाटी दिली. देवाला पण चेष्टा सुचते.

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे. पहाटे सिस्टर ताप बघायच्या. नळीतून दूध, नळीतून डाळीचं पाणी, नळीतून गोळ्यांची पूड. मालक भाकरी दुधात भिजवून, चुरून, फडक्यातून गाळायचे. ज्या माणसानं उभ्या जन्मात चहा केला नव्हता तो सिस्टरला विचारत होता, नाचणी किती पातळ करू. पाटीवर मी लिहायचे, मीठ कमी. मग आठवायचं की नळीतून जाणाऱ्याला चव नसते, आणि पुसून टाकायचे. पण ते वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी मीठ जास्त टाकायचे.

शेजारच्या खाटेवर लातूरकडच्या एक आजी होत्या. त्यांचाही गालच. त्यांच्या कागदावर व्यसनाच्या पुढं नाही लिहिलेलं मी वाचलं. पाटीवर लिहिलं, लावत होता का? त्यांना वाचता येत नव्हतं. मग मी नुसतं बोट दातांवर फिरवून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, व्हय. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं ते बघितलं आणि तिनंही मान हलवली. आम्हा तिघींना एवढंसं बोलायला एक शब्दसुद्धा लागला नाही.

जखम भरत आल्यावर तोंड उघडायचा व्यायाम सुरू झाला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या असतात ना, त्या एकावर एक ठेवून दातांत सरकवायच्या. उजव्या बाजूनं. पहिल्या दिवशी चार मावल्या. रोज एक वाढवायची. डोळ्यांतून पाणी यायचं आणि सिस्टर म्हणायच्या, "मावशी, आजचा दिवस कंटाळा केला तर उद्या एक काडी मागं जाल." कंटाळा करू नका. हा आजार झालेला कुणी हे वाचत असेल तर मी एवढं एकच हट्टानं सांगते. लाईट, म्हणजे मशीनची किरणं, देतात तेव्हा तर मुळीच करू नका. तेव्हा तोंड सुकतं, आतून सोलून निघतं, पाणीसुद्धा काट्यांसारखं लागतं, तरी काड्या सोडू नका. मी आठ दिवस सोडल्या होत्या आणि ते आठ दिवस मला परत मिळाले नाहीत.

गळ्यातली नळी निघाल्यावर सिस्टरनं विचारलं, दुखतंय का. मी म्हणाले, "न्हाय." तो पहिला शब्द स्वच्छ आला. ल, व, प, ब या अक्षरांना ओठ लागतात, जीभ लागते, ती सगळी फरफटत येतात. न्हाय मात्र नाकातून निघून येतो.

वास

आत्या दवाखान्यात एकदाच आल्या. सणसरच्या पुढं कधी एकट्या न गेलेली बाई माझ्या दिराबरोबर पुण्याला आली. पदराच्या गाठीला भंडारा बांधून आणला होता. पिवळी हळद, बिरोबापुढची. सिस्टरनं आधी नको म्हटलं, मग म्हणाल्या, कपाळाला लावा फक्त.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. पट्ट्या निघाल्या होत्या. त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी बोटानं भंडारा घेतला, माझ्या कपाळाला लावला आणि उलट्या पावली बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. परत आल्या त्या खाली वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "संगे, माझं काय चुकलं आसंल तर पोटात घाल."

वाकल्या तेव्हा त्यांच्या तोंडाला वास आला. त्या संडासात जाऊन मिसरी लावून आल्या होत्या. सुनेचं तोंड बघून जीव घाबरा झाला, तर त्या दुसरं काय करणार, त्यांना दुसरा आधार माहीतच नाही.

आणि आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला तो वास बरा वाटला. अर्धा जबडा गेलेला, नाकात नळी आणि माझं मन म्हणालं, एक चिमूट मिळाली असती तर. मी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि रडले. आत्यांना वाटलं, मी रागावले.

सभा

घरी आल्यावर बायका भेटायला यायच्या. माझ्या ओटीत केळी ठेवायच्या आणि माझ्या चेहऱ्याकडं सोडून सगळीकडं बघायच्या. अंगणात गेल्यावर कुजबुज ऐकू यायची. "हत्यार लावलं म्हणून वाढलं. हात लावला नसता तर तशीच जगली आसती." डॉक्टरांनी मला दहा वेळा सांगितलं होतं की कापल्यानं पसरतं हे खोटं आहे, उशीर केल्यानं पसरतं. हे सांगायचं कसं? बोलायला गेले की लाळ गळायची आणि बायका म्हणायच्या, राहू दे बया, तरास नगं घिऊस.

मग वरच्या साहेबांना वाटलं, हिचं बोलणं लोकांना पटंल. आपल्यातलीच बाई, आपल्याच बोलीत सांगेल. तक्त्यावरच्या गोऱ्या माणसापेक्षा हे बरं. मलाही ते पटलं. मी आठ दिवस आरशापुढं तयारी केली. वालचंदनगरहून माझी नणंद आली, मी बोलले ते तिनं परत मोठ्यानं सांगायचं असं ठरलं. देवळापुढं सगळ्या बायका जमल्या. मी सांगितलं की मिसरी म्हणजे तंबाखूच, भाजली म्हणून ती मरत नाही. चट्टा दिसला की दाखवा. मला उशीर झाला म्हणून एवढं कापावं लागलं, लवकर गेले असते तर एवढ्यावर भागलं असतं. असं म्हणून नखाएवढं दाखवलं.

बायका रडल्या. दोघी-तिघींनी मला पोटाशी धरलं. माझी ओटी भरली, नारळ दिला. मला वाटलं, जिंकले. आणि मग देवळाच्या मागं गेले तर पिंपळाखाली सगळ्या बसल्या होत्या, मधे डबी फिरत होती. एकजण डोळे पुसत बोट दातांवर फिरवत म्हणाली, "लई वाईट वाटलं गं तिचं बघून. जीवच थाऱ्यावर न्हाय माझा."

मी घरी आले. त्या रात्री जेवले नाही. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

भंडारा

ह्या सगळ्यात मला एकीची काळजी होती. माझ्या आत्यांची.

उन्हाळ्यात त्या अंगणात कुरडया घालत होत्या. नातीनं काहीतरी म्हटलं आणि त्या मोठ्यानं हसल्या. ऊन थेट तोंडात गेलं. खालच्या ओठाच्या आत, उजवीकडं, पांढरा चट्टा. मी माझा चट्टा आरशात महिनोन्‌महिने बघितलाय, मला दुसऱ्याचा ओळखायला डॉक्टर लागत नाही.  जवळ जाऊन म्हणाले, "आत्या, तोंड उघडा."

त्यांनी ओठ मिटले आणि पदर ओढला. त्या दिवसापासून त्या माझ्यापुढं मोठ्यानं हसत नाहीत.

मी सांगून बघितलं, लिहून नातीकडून वाचून घेतलं, मालकांना सांगायला लावलं. माझी तपासणी असली की मालक गाडी आणायचे आणि म्हणायचे, "आये, चल की बारामतीपातूर, दात दाखवू नुसतं." शेवटी एकदा त्या माझ्याकडं वळून बोलल्या. आवाज चढवला नाही.

"तुला न्हेलं तवा तू बोलत गेल्तीस, संगे. आन आणलं तवा?"

 माझा चेहरा बघून बायका मिसरी सोडतील असं साहेबांना वाटलं होतं. आत्यांनी तो बघून दवाखाना सोडला.

मग धोंडीबा आबांनीच वाट दाखवली. आमच्यात भंडारा उचलला की ती शपथ. लिहिलेलं मोडेल, पण भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. बांधाचं भांडण असो, सोयरीक असो, तिथं विषय संपतो. आबा म्हणाले, "तुजा तक्ता ऱ्हाऊ दे. म्हातारीला भंडारा उचलाय लाव. सोडती का न्हाय बग. मी बी उचलला आस्ता, पर माज्यानं हुयाचं न्हाय म्हणून त्या वाटंला जात न्हाय."

मी देव्हाऱ्यातली वाटी आणून आत्यांपुढं ठेवली. हात जोडले. मला वाटलं, माझ्यासाठी उचलतील.

आत्यांनी वाटीला हात लावला नाही. वाटी कपाळाला लावायलासुद्धा घेतली नाही. म्हणाल्या, "न्हाय उचलायची मी. ती सुटायची न्हाय मला ठावं हाय. सोळाव्या वर्सापासनं हाय ती माझ्यासंगट. तुझा सासरा गेला तवा हुती, मेंढरं इकली तवा हुती. तुझ्याशी बोलंन खोटं, संगे. देवाशी न्हाय बोलायची."

मी वाटी परत ठेवली. त्यांना दवाखान्यात ओढत तर नेता येत नाही.

कागद

यंदा परत कागद आला. प्रश्न तेच, तंबाखू खाता का, विडी-सिगारेट ओढता का. मी पेन घेऊन "खाता"च्या वर बारीक अक्षरात "लावता" लिहिलं आणि निघाले. माझ्या तोंडून ते "लाअता का" असं येतं, पण बायकांना कळतं. कुणी लपवलं नाही. उलट खुशीत सांगितलं, "लावतो की." एकीनं तर डबी पुढं केली, "घ्या की चिमूट," आणि मग माझ्या गालाकडं लक्ष जाऊन तिनं तोंडावर हात धरला. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि लिहिलं, हो.

सगळी वस्ती मी परत लिहून काढली. हो, हो, हो. हा कागद बघून वर काय होईल मला माहीत नाही. पण तीनजणी माझ्याबरोबर बारामतीला तोंड दाखवून आल्या आणि एकीचा चट्टा नखाएवढाच निघाला. तिचं बोलणं शाबूत राहिलं. ती आता फार बोलते आणि मला ते ऐकायला आवडतं. तुमच्या घरात आई असेल, सासू असेल, तर खाता का म्हणून विचारू नका. तिच्या शब्दात विचारा. उत्तर खरं येईल, निदान पहिल्यांदा तरी.

सगळ्यात शेवटी मी माझं घर घेतलं. सकाळची वेळ होती. आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी समोर उभी राहिले, ओळखपत्र गळ्यात, जशी दुसऱ्यांच्या दारात राहते तशी.

"आत्या, लावता का?"

त्यांनी कॅनॉलकडं बघितलं. उजव्या हाताचं बोट पहिल्या पेरापर्यंत काळं होतं. ते त्यांनी पदराखाली घेतलं.

"न्हाय," आत्या म्हणाल्या. "सोडली."

एवढी वर्षं वस्तीतल्या बाया खरं बोलल्या आणि माझा कागद खोटा होता. मी त्यांच्या नावापुढं लिहिलं, हो. खाली रकाना होता, तोंडात चट्टा. तिथंही लिहिलं, हो. 

"काय लिवलंस?" त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

"न्हाय," मी म्हणाले. तो एक शब्द मला स्वच्छ येतो.

आत्यांनी मान हलवली. मग थोड्या सरकल्या आणि उंबऱ्यावर माझी जागा मोकळी केली. मी कागद मिटला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ऊन वर येईस्तोवर आम्ही दोघी तशाच बसून होतो, दोघींची तोंडं मिटलेली.